‘बदल नाही’

नागवेणी हेब्बारला आमच्यात येऊन तीनच आठवडे झाले होते, तेव्हा तिने भर कॅन्टीनमध्ये उडुप सरांना विचारलं, "सर, ती शेवटची फेरी कशासाठी असते?"

बेंगळुरूच्या आमच्या ऑफिसात आम्ही कम्पायलर बनवतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो चिपच्या भाषेत उतरवतो आणि उतरवताना त्यातलं फालतू काम छाटतो. ही छाटणी उडुप सरांनी चौदा वर्षांपूर्वी लिहिली; ती करणारे ‘छाटणारे’ बरेच आहेत, काही नंतर आम्हीही जोडले. एक तुकडा छाटला की त्याला वापरणाऱ्या दुसऱ्या तुकड्यातही छाटायला जागा निघते. म्हणून पुन्हा एक फेरी, पुन्हा सगळे तुकडे तपासायचे, कुठेच काही बदलेनासं होईपर्यंत. मोठ्या प्रोग्रॅमला चाळीस मिनिटं लागत. तेवढ्यात आमची बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन कप, व्हायची.

"खात्रीसाठी," सर म्हणाले. "गॅस बंद केला की नाही, तू परत बघत नाहीस?"

"माझा बघते सर. गल्लीतल्या नऊ हजार घरांचा नाही बघत."

तिने मोजलं होतं. दुसऱ्या फेरीत तीनशे तुकडे बदलले, तिसरीत चार, चौथीत एकही नाही. तपासले मात्र दर वेळी नऊ हजार.

"अय्यो! चौघांसाठी सगळ्या गावाची झडती?" मी म्हणालो.

"आणि श्रीवत्सा, तू सहा वर्षं कॉफी पीत बघत होतास," सर म्हणाले.

नागवेणीने जो तुकडा बदलेल त्यावर आणि त्याला वापरणाऱ्यांवर खूण करायची व्यवस्था केली. पुढच्या फेरीत फक्त खुणेचे तुकडे तपासायचे. चाळीसची अकरा मिनिटं झाली. पण चाचणीतला एक प्रोग्रॅम पूर्वीपेक्षा हळू चालू लागला. त्यातला एक तुकडा छाटायचा राहून जात होता.

"म्हणूनच सगळं तपासायचं असतं," सर म्हणाले.

ती हिरमुसली नाही. उलट दोन दिवस त्या एका तुकड्याच्या मागे लागली. मग मला हळूच म्हणाली, "एक छाटणारा आहे, तो तुकडा छाटतो आणि वर ‘बदल नाही’ असं कळवतो. मग खूणच होत नाही. पूर्वी सगळंच परत तपासलं जायचं, म्हणून खपून गेलं. लिहिलाय सरांनी. कसं सांगू?"

"तूच सांग बाई. मला इथे अजून नोकरी करायचीय."

तिने सरांना बोलावून तो छाटणारा स्क्रीनवर दाखवला. "हा चौदा वर्षं खोटं बोलतोय?"

"हो सर."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग हा एकटाच कशावरून? बाकीचे कसे पकडशील?"

"छाटणीआधी तुकड्याचा ठसा घ्यायचा, नंतर पुन्हा घ्यायचा. ‘बदल नाही’ म्हणाला आणि ठसे वेगळे निघाले, की सापडला!"

"रोज नको हं, वेळ खाईल. फक्त चाचणीपुरतं."

दोघं जेवायलाही उठले नाहीत. चारच्या सुमारास सर ओरडले, "अगं, अजून दोन!" त्यांच्या आवाजात लाज नव्हती, नवलच होतं. एक त्यांचाच निघाला. दुसऱ्यावर माझं नाव होतं.

तिन्ही दुरुस्त केल्यावर वेळ बारा मिनिटांवर स्थिरावला आणि तो हळू प्रोग्रॅमही ताळ्यावर आला.