कुलूप उत्तम आहे

चौकातल्या कुलपांच्या दुकानाच्या मालकाला सगळे कुलूपशेठ म्हणत. त्याच्याकडे कुलूप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सुरक्षिततेवरचं व्याख्यान ऐकल्याशिवाय सुटत नसे. चोर घर कसं हेरतो, शेजाऱ्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे सगळं त्याला तोंडपाठ. घराची चावी सख्ख्या भावालाही देऊ नये, असं तो भावासमोरच सांगे.

हा सावध माणूस सोशल मीडियावर मात्र अगदी भोळा सांब. दाढी केली, टाक फोटो. बायकोचे गुडघे दुखले, टाक फोटो, वर डॉक्टरांचं नाव. बायको इस्पितळात नर्स होती, लोकांची दुखणी पोटात ठेवायची तिला सवय. ती म्हणे, "अहो, हे घर आहे, प्रदर्शन नाही." त्यावर तो तिला समजावे की हल्ली धंदा ओळखीवर चालतो आणि ओळखीसाठी माणसाला जरा मोकळं व्हावं लागतं. तो इतका मोकळा झाला होता की त्याचे अठराशे मित्र होते. त्यातले वीसेक जण रस्त्यात भेटले असते तर त्याने ओळखलेही असते.

नवं घर झालं तेव्हा तर त्याला आभाळ ठेंगणं झालं. दुकानातलं सगळ्यांत भारी कुलूप त्याने पुढच्या दाराला बसवलं आणि त्याची नवीकोरी चावी तळहातावर ठेवून फोटो काढला. फोटो असा झकास आला की चावीचा दाता न् दाता दिसावा. लोकांना शोधाशोध नको म्हणून खाली पत्ताही दिला. फोटोखाली लाल बदामांचा नुसता पाऊस पडला.

मग दोघं आठवडाभर समुद्रावर गेली. निघाल्याचा फोटो स्टेशनवरून, पोहोचल्याचा हॉटेलातून. परत कधी, असं एका भल्या माणसाने विचारलं. त्याला तारीख-वारासकट उत्तर मिळालं. दुसऱ्याला कुत्र्याची काळजी वाटली. कुत्रा मेहुणीकडे मजेत आहे, असं त्यालाही कळवलं.

परतल्यावर दाराला कुलूप जिथल्या तिथे, एक ओरखडा नाही. आत टीव्हीच्या जागी भिंतीत चार भोकं. कॉम्प्युटर नाही, कॅमेरा नाही, आणि बायकोच्या आईची कर्णफुलं नाहीत. चोर चांगल्या वळणाचा असावा. जाताना दिवे मालवून, दार नीट लावून गेला होता.

चौकशीला आलेली पोलीस अधिकारी थेट आतल्या खोलीत जाऊन निळ्या कपाटापुढे उभी राहिली. कर्णफुलं यातच होती ना, तिने विचारलं. तिला कसं कळलं याचं कुलूपशेठला नवल वाटलं.

"तुमच्या व्हिडिओत आहे की," ती म्हणाली. "घर दाखवलंत, कपाट दाखवलंत, कर्णफुलं हातात धरून दाखवलीत. बरं, चावी कोणाकडे होती?"

"आम्हा दोघांकडेच."

तिने फोन पुढे केला. तळहात त्याचाच होता. या फोटोवरून चावी बनवता येते का, असं तिने विचारलं. त्याने सवयीने फोटो मोठा केला, दात्यांवरून नजर फिरवली आणि खाली बघत म्हणाला, "येते. अर्ध्या तासात."

बायकोने कपाटाचा रिकामा कप्पा पुसला आणि ड्यूटीवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "शेठ, तुमचंच कुलूप उघडलं म्हणे?" आपण मूर्ख ठरण्यापेक्षा कुलूप खराब ठरलेलं बरं, असा विचार करून त्याने माल सदोष निघाल्याचं ठोकून दिलं. बातमी गावभर झाली. दुपारपर्यंत तसलीच कुलपं हातात घेऊन लोक दारात उभे. त्यांत एक एकटी राहणारी आजी होती. कुलपाचं ऐकल्यापासून दाराला खुर्ची टेकवून तिच्यावरच बसून होते, असं तिने सांगितलं. तिने कुलूप काउंटरवर ठेवलं.

कुलूपशेठने ते उचलून परत तिच्यापुढे सरकवलं.

"आजी, हे घरी न्या," तो म्हणाला. "कुलूप उत्तम आहे. चावीचा फोटो मीच जगाला दाखवला. अक्कल माझी सदोष."

लोक हसले, आजी हसली नाही. तिने तेच कुलूप दोनदा उघडबंद करून पाहिलं आणि पिशवीत घातलं. मागे कुणीतरी फोन धरून उभं होतं. संध्याकाळपर्यंत ती कबुली त्याच्या आजवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त लोकांनी पाहिली. इतकी प्रसिद्धी त्याला जन्मात मिळाली नव्हती. त्याने मात्र फोन काढून बघितला नाही.

घरी आला तर दाराला नवं कुलूप. बायकोने ते बसवून घेतलं होतं, तेही दुसऱ्याच दुकानातून. त्याने बेल वाजवली. दार तिने उघडलं. त्याने हळूच आपली चावी मागितली.

"देईन," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

त्यानंतर तिची ड्यूटी लांबली की कुलूपशेठ पायरीवर बसलेला दिसे. इथे का बसलात, असं शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणे, जरा हवा खातोय. त्यापलीकडे काही सांगत नसे.