माझ्या कपाळावरचा शेंदूर

मी बोलतोय, वरवे बुद्रुकच्या माळावरचं म्हातारं विमान. हसू नका, खरंच विमान! माझ्या पत्र्याच्या शेडला नवी माणसं कांद्याची चाळ समजतात आणि सरळ पुढे जातात. त्याचा मला फार राग येतो.

माझा जन्म बंगळुरूचा. लोखंडी नळ्या, थोडं लाकूड आणि वरून ताणून बसवलेलं कापड, एवढाच माझा देह. आत दोन माणसं कशीबशी बसतात. फ्लाइंग क्लबात मी कित्येक पोरांना उडायला शिकवलं. कुणी मला धाडकन आपटलं, कुणी आत ओकलं. सगळं मी मोठ्या मनाने पोटात घातलं. पुढे नवी विमानं आली, तशी माझी रवानगी कोपऱ्यात झाली आणि माझ्या पंखाखाली कबुतरांनी संसार थाटले.

तिथून मला सोडवलं गोरखने. वरव्याच्या या मुलाने उडण्याचे धडे माझ्यावरच गिरवले होते. मोठी विमानं चालवून निवृत्त झाल्यावर तो मला ट्रकमध्ये घालून गावी घेऊन आला, तो आईसाठी. त्याच्या आईचं, फुलाबाईचं माहेर म्हणजे हिर्डोशीच्या वरच्या अंगाची वाडी. गाडी खालीच थांबते, पुढे सगळी चढण. फुलाबाईच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकलेत. "आई, तुला तुझं माहेर वरून दाखवतो," असा शब्द गोरखने तिला दिला होता.

माझं इंजिन उघडायला भोरहून फौजिया यायची. शफी मिस्त्रींची ही मुलगी विमानदुरुस्तीचं रीतसर शिक्षण घेतलेली आणि हाताने मोठी चोख. तिने माझा एकेक भाग धुऊनपुसून परत बसवला. ज्या दिवशी इंजिनाने पहिला हुंकार दिला, त्या दिवशी फुलाबाई वाटीत तेल-शेंदूर घेऊन हजर झाली.

"उडतंय म्हंजी मारुतीचंच लेकरू न्हवं का ह्ये? मग शेंदूर नगं व्हय?"

माझ्या नाकावर, समोरच्या काचेच्या पुढे पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण आहे. तेच तिला माझं कपाळ वाटलं. हात पोचेना, म्हणून तिने काठीला फडकं गुंडाळलं आणि सगळ्या झाकणाला शेंदूर फासला. नंतर दर शनिवारी तेच. मीही लाडावलो. एवढ्या वर्षांत माझी पूजा कुणी केली होती?

आणि तिथूनच माझं दुखणं सुरू झालं. इंजिन झकास सुरू व्हायचं, थोडा वेळ गुरगुरायचं आणि मग खोकून बंद पडायचं. झाकण उघडून पेट्रोल बघावं, तर टाकी भरलेली. पुन्हा सुरू करावं, तर पहिल्यासारखं चालू! फौजियाने प्लग बदलले, कार्बुरेटर दोनदा खोलला, पेट्रोलची नळी नवी टाकली. उडायची परवानगी देणारे तपासणीचे साहेब आले आणि त्यांच्यासमोरच मी मान टाकली. माझा जीव गुदमरत होता, पण सांगू कसं?

इकडे हायवेवरचा एक हॉटेलवाला मला मागतच होता. त्याला मला छपरावर चढवायचं होतं, म्हणजे खाली मिसळ आणि वर मी! त्याने लोखंडी चौथरासुद्धा करून ठेवला. शेवटी गोरख थकला. "साहेब सोमवारी परत येणारेत," तो फौजियाला म्हणाला. "तेव्हाही बंद पडलं, तर हॉटेलवाल्याला घेऊन जा म्हणतो." मला रडूच आलं. फौजियाचेही डोळे भरले होते.

रविवारी तिने पुन्हा इंजिन चालवलं. मी पुन्हा बंद पडलो. तिने नेहमीसारखं झाकण कडेकडेने, शेंदराला बोट लागू न देता उचललं. फुस्स! बाहेरची हवा टाकीत शिरल्याचा आवाज आला. तिने झाकण लावलं, इंजिन चालवलं, बंद पडू दिलं आणि परत उघडलं. पुन्हा फुस्स!

"काका, या झाकणाला हवेचं भोक असतं ना?"

"असतं की. त्याशिवाय पेट्रोल खाली उतरेल कसं?" असं म्हणता म्हणता गोरखच्या लक्षात आलं. "अगं, मग तू ते साफ नाही केलंस?"

"देवाचा शेंदूर, काका. मी कसा हात लावू? आजींना वाईट वाटलं असतं. पण तुम्ही का नाही खरवडला?"

"आईला कोण सांगणार?" गोरख ओशाळून म्हणाला. तपासणीच्या साहेबांनीही, बरं का, शेंदूर बघून नुसते हात जोडले होते.

फौजिया झाकण घेऊन फुलाबाईसमोर बसली आणि तिने भीतभीत सगळं सांगितलं. फुलाबाईने कपाळावर हात मारला.

"आगं पोरी, लेकराचा श्वास कोंडला आन् तुमी माजी मर्जी सांभाळत बसलाव? आन हिकडं!"

बांगडीतली पिन काढून तिने स्वतः ते भोक मोकळं केलं.

सोमवारी मी साहेबांना कंटाळा येईपर्यंत चाललो. गोरखने मला भोरवर फिरवून आणलं आणि मी एकदाही खोकलो नाही. साहेबांनी पसंती दिली. फौजियाने मात्र माझ्या नाकावर डोकं टेकलं आणि ती मनसोक्त रडली.

पुढे कागदपत्रं हातात आली आणि एका स्वच्छ सकाळी फुलाबाई पदर खोचून गोरखशेजारी बसली. देवघर धरणाचं पाणी मागे पडलं, नाचणीची उतरती शेतं आली आणि ती ओरडली, "त्यो बग आमचा आंबा! आन् ती वैनी, धडपा हालवतीया! गोऱ्या, हळू जाऊ दे रं, माजं म्हायेर हाय!" मी त्या वाडीला पोटभर घिरट्या घातल्या. येताना मुद्दाम त्या हॉटेलवरून आलो. चौथरा रिकामा होता. गोरखने माझे पंख हलवून त्याला रामराम केला.

शेंदूर अजून लागतो, पण चाकाच्या दांडीवर. तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. त्याचे खुशाल लाड करा, मी नको म्हणणार नाही. फक्त त्याच्या श्वासाची जागा तेवढी मोकळी ठेवा. बरं, येतो मी. फुलाबाई पदर खोचून निघालीय.