मीटिंगला गेलेली खुर्ची

मित्रांनो, ज्या खुर्चीत बसून गरगर फिरायला तुम्हाला आवडतं आणि त्यापायी तुम्ही मोठ्यांचा ओरडा खाता, तसलीच मी एक जुनी, काळी, फिरती खुर्ची आहे. माझं वय विचाराल, तर नक्की सांगता येणार नाही. पण माझी गोष्ट मला चोख आठवते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पाच लोखंडी पायांना पाच चाकं बसवली, मधे दांडा उभा केला, वर गादी ठेवून तिच्यावर काळं रेक्झिन ताणलं. मला बनवणारा कारागीर स्वतः माझ्यात बसला, त्याने एक गिरकी घेतली आणि तो म्हणाला, "ही साहेबाचीच होणार बघा!"

झालंही तसंच. मालवाहतुकीच्या एका कंपनीत मोठ्या साहेबांच्या खोलीत माझी नेमणूक झाली. साहेब माझ्यात बसून इंग्रजीत पत्रं सांगायचे आणि समोर बसलेल्या बाई ती भराभर टिपून घ्यायच्या. रोज सकाळी मला पुसलं जायचं. येणारा-जाणारा म्हणायचा, "खुर्ची झकास आहे हं!" मी नुसती फुगून जायचे. मग साहेब बदलले. नव्या साहेबांबरोबर उंच पाठीची नवी खुर्ची आली आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडके पंखे आणि फायलींचे गठ्ठे यांच्या संगतीत माझी बरीच वर्षं गेली. त्या दिवसांबद्दल फार बोलवत नाही.

तिथून मला सोडवलं ते त्या टिपून घेणाऱ्या बाईंनी. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कंपनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होती. बाई म्हणाल्या, "घड्याळं आहेत माझ्याकडे. द्यायचंच असेल तर अडगळीतली ती खुर्ची द्या." सगळे हसले, पण मी टेंपोत बसून बाईंच्या घरी आले.

बाईंनी पुढच्या खोलीत एक वर्ग काढला. कामाच्या ठिकाणी लागणारं इंग्रजी शिकवायचा वर्ग. विद्यार्थी सगळे मोठे, नोकरी करणारे. लिफ्ट दुरुस्त करणारे एक दादा होते, कपड्यांच्या कारखान्यातल्या दोघी बहिणी होत्या आणि मोठ्या हॉस्पिटलची लाँड्री सांभाळणाऱ्या मावशी होत्या. रजेचा अर्ज कसा लिहायचा, तक्रार कशी नोंदवायची, बैठकीत कसं बोलायचं, असं सगळं बाई शिकवायच्या. त्यात माझं काम मोठं मानाचं. जो माझ्यात बसेल तो दहा मिनिटं साहेब, आणि साहेबाने फक्त इंग्रजीतच बोलायचं! दादांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची रजा मंजूर केली, स्वतःचीसुद्धा.

मावशी मात्र माझ्या अगदी कडेला टेकायच्या. वाक्यं त्यांची पाठ असायची, पण आवाज घशातच अडकायचा.

"नीट बसा हो मावशी, खुर्ची चावत नाही," बाई म्हणायच्या.

"चादरींच्या ढिगावर बसणारी मी, बाई. ही जागा माझी नव्हे."

एकदा बुधवारी बाई बहिणीकडे गेल्या होत्या. वर्गाची किल्ली दादांकडे होती. संध्याकाळी मावशी धापा टाकत आल्या. हॉस्पिटलच्या नव्या साहेबांनी त्यांना इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. हे साहेब दुसऱ्या मुलखातून आलेले, त्यांना आपली भाषा येत नव्हती. लाँड्रीची यंत्रं सारखी बंद पडतात, तेव्हा धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं की काय, यावर गुरुवारी दुपारी मीटिंग होती. तसं झालं तर मावशींच्या हाताखालच्या दहा बायकांची नोकरी जाणार होती.

"एवढं कळलं मला," मावशी म्हणाल्या. "पण शेवटी लिहिलंय, 'प्लीज चेअर द मीटिंग.' हे काय?"

दादांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "चेअर म्हणजे खुर्ची. मीटिंगला खुर्ची आणा म्हणतायत."

"त्यांच्याकडे खुर्च्या नाहीत?"

"कमी पडत असतील. न्यायची तर ही न्या मावशी, साहेबी आहे!"

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी माझी वरात निघाली. मावशी पुढून ओढतायत, दादा मागून ढकलतायत, आणि माझी चाकं खडखडतायत. चौकात लाल दिवा लागला तेव्हा मावशी दमून माझ्यातच बसल्या. शेजारच्या बसमधले लोक माना बाहेर काढून बघू लागले. इतक्या वर्षांनी मी रस्ता पाहत होते. मला तर फार मजा वाटली!

मीटिंगच्या खोलीत पोहोचलो, तर तिथे टेबलाभोवती बारा नव्याकोऱ्या खुर्च्या. शिपाईकाका माझ्याकडे बघतच राहिले.

"मावशी, इथे काय खुर्च्यांचा दुष्काळ पडलाय?"

मावशींनी कागद पुढे केला. तेवढ्यात वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी कागद वाचला आणि मावशींना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मावशी, चेअर म्हणजे इथे अध्यक्ष होणं. नव्या साहेबांनी दर महिन्याला एकेका खात्याची पाळी लावलीय. आज मीटिंग तुम्ही चालवायची आहे."

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. दाराकडे त्यांनी एकदा पाहिलंही. तोवर साहेब आणि बाकीचे आत आले. साहेबांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. सिस्टरनी त्यांना इंग्रजीत काय झालं ते सांगितलं आणि खोलीत खसखस पिकली.

मावशीही हसल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "अध्यक्षांनी आपली खुर्ची घरूनच आणली!" आणि मला टेबलाच्या टोकाशी ढकलून त्या माझ्यात बसल्या. कडेला नव्हे, पार पाठ टेकून.

"लेट अस बिगिन," मावशी म्हणाल्या. आवाज थोडा कापला, पण घशात अडकला नाही.

साहेबांनी बाहेरच्या कंपनीचे फायदे सांगितले. मग दोन-तीन जण एकदम बोलू लागले. मावशींनी हात वर केला, "वन ॲट अ टाइम, प्लीज!" आणि सगळे चिडीचूप. शेवटी त्या स्वतः बोलल्या. पाठ केलेली वाक्यं संपली होती, तेव्हा होते नव्हते ते शब्द त्यांनी गोळा केले. "सिझर्स. इन बेडशीट. मशीन स्टॉप. धिस मंथ, फोर टाइम्स." आणि पिशवीतून त्यांनी चार वाकड्या कात्र्या काढून टेबलावर ठेवल्या. वॉर्डातून आलेल्या चादरींत त्या राहून गेलेल्या होत्या आणि यंत्रात अडकल्या होत्या.

मोठ्या सिस्टरनी मान खाली घातली. "चूक आमची आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "चादरी आम्ही न झटकताच पाठवतो."

साहेबांनी एक कात्री उचलून निरखून पाहिली. मग ठरलं, की प्रत्येक वॉर्डात चादरी झटकूनच पिशवीत भरायच्या आणि तीन महिने वाट पाहायची. बाहेर पडताना साहेब म्हणाले, "गुड चेअर!" ते मावशींना म्हणाले की मला, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

तीन महिन्यांत यंत्र एकदाही बंद पडलं नाही. लाँड्री राहिली, दहाही जणी राहिल्या. बाईंना सगळं कळलं तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझीच," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात चेअर म्हणजे खुर्ची शिकवली आणि पुढचं शिकवायचं राहूनच गेलं." दादा मान खाजवत म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी टेबल न्यायला लागू नये म्हणजे झालं!"

मित्रांनो, माझं रेक्झिन आता दोन ठिकाणी फाटलंय, मावशींनी ते छान शिवून दिलंय. तुमच्याकडे एखादी जुनी खुर्ची असेल तर तिला अडगळीत टाकू नका, शिवून घ्या, तेल द्या. आणि कुणी नवी भाषा शिकताना शब्दाला अडखळलं, तर हसायचं असेल तर त्याच्याबरोबर हसा. मग जरा सरकून त्याला बसायला जागा द्या आणि तो काय सांगतोय ते शेवटपर्यंत ऐका.