सुकन्याचा कोट

कोर्टातल्या पडद्यावर सुकन्या घरून युक्तिवाद करत होती आणि तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. भर कोर्टात! न्यायाधीश हसले. म्हणाले, “मॅडम, आधी गॅस बंद करून या. कोर्ट थांबेल.”

कोर्ट थांबेल म्हणे! मी मागच्या बाकावर मास्क लावून माझ्या पुकाऱ्याची वाट बघत बसले होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझा फोन एकदा पर्समध्ये थरथरला होता, तर ह्याच साहेबांनी मला बाहेर काढलं होतं.

सुकन्या आणि मी कलबुर्गीच्या लॉ कॉलेजात एका बाकावरच्या. ती बीदरची, वडील प्राध्यापक. मी आळंदजवळच्या मादन हिप्परग्याची, आमचे आप्पा दुसऱ्याच्या रानात राबणारे. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा कोटातला फोटो. आप्पा तो दाखवून सगळ्या गावाला सांगायचे, “आमची प्रेरणा बी आसंच कोर्टात उभी ऱ्हानार हाय.” परीक्षेत सुकन्या पहिली आली, मी आपली पास झाले. लगेच तिचं लग्न ठरलं, आणि सून कोर्टाची पायरी चढणार नाही हेही तेव्हाच ठरलं. तिनं हौसेनं शिवून घेतलेला काळा कोट घडीसुद्धा न मोडता माझ्या हातात दिला. “घे, तुला होईल.” बाह्या दोन बोटं आखूड होत्या आणि अस्तरावर शिंप्यानं पांढऱ्या दोऱ्यानं तिचं नाव घातलं होतं. मला कोट परवडत नव्हता, खोटं कशाला बोलू? घेतला.

त्या कोटात मी पंधरा वर्षं घाम गाळला. आळंदहून कलबुर्गीच्या कोर्टात बसनं उभ्यानं यायचं. बायकांसाठी धड संडास नाही, म्हणून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. शेवटी मुतखडा झाला. पहिली दोन वर्षं तर वकील मंडळी मला टायपिस्टच समजायची.

मग कोरोना आला. कोर्टाला आधी कुलूप लागलं, नंतर भिंतीवर पडदा आला. कोटाचीही माफी झाली, पांढरे कपडे आणि गळ्यात पांढरी पट्टी एवढं पुरे. माझा कोट खुंटीला लटकला आणि सुकन्याबाईंनी ट्रंकेतली वकिलीची सनद बाहेर काढली. घरात बसूनच करायचं म्हटल्यावर सासरचेही राजी. ना बस, ना तहान. मागे पुस्तकांचं कपाट, तोंडावर दिव्याचा छान उजेड. आयत्या बिळावर नागोबा! लोक ह्याला हेवा म्हणतात. माझा हेवा नव्हता, मी जळत होते.

आणि केस तरी कसली मिळावी तिला! चंद्रभागाबाई तिच्या घरी दूध घालायची. जनवाड्याकडच्या एका खेड्यातली. नवरा सिद्धराम पंचायतीकडून गावाचं पाणी सोडायचा, लॉकडाऊनमध्ये गल्लोगल्ली औषधही फवारायचा. ताप आला, दम लागला, तपासणी व्हायच्या आत गेला. कामावर असताना कोरोनानं गेलेल्यांच्या बायकांना सरकारी मदत होती. चंद्रभागाबाईचा अर्ज फेटाळला गेला. रिपोर्ट नाही, म्हणजे कोरोना नाही.

गॅस बंद करून सुकन्या परत आली आणि शांतपणे म्हणाली, “साहेब, माझी अशील एवढंच विचारते. तिच्या नवऱ्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर जाळलं. कोरोना आहे म्हणून तोंड दाखवलं नाही. आता कोरोना नव्हता म्हणता, तर मग तोंड का दाखवलं नाही?”

सरकारी वकील कागद चाळायला लागले. मला हे सुचलं असतं का, ह्याचा मी बाकावर बसल्या बसल्या विचार करत होते.

न्यायाधीश म्हणाले, “रिपोर्टाशिवाय मृत्यू कोरोनाचा मानायचा का, हा प्रश्न आमच्यापुढेही नवाच आहे.” आणि तेवढ्यात सुकन्याची रेंज गेली. तोंड उघडं, हात हवेत, तशीच थिजली. एकदा नाही, तीनदा. शेवटी साहेब वैतागले. “अंतिम युक्तिवाद पुढच्या तारखेला समोर येऊन करा.”

मला आनंद झाला. म्हटलं ये की आता! बसनं ये, तहानलेली ये.

संध्याकाळी तिचाच फोन.

“प्रेरणा, त्या तारखेला माझ्याऐवजी तू उभी राहतीस का?”

“कामून? तुला काय झालंय?”

“घरातून करत होते तोवर ठीक होतं, असं हे म्हणायलेत. आणि आत्यांना आता अंथरुणातून उठताच येईना.” ‘हे’ म्हणजे तिचा नवरा विजयेंद्र, आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, कुसुमताई.

“मग विजयेंद्र एक दिवस बसू दे की आईपाशी!”

ते तिनं कानाआड केलं. म्हणाली, “मुद्दे सगळे सांगते तुला.”

“मला मुद्दे कळत न्हाईत व्हय?”

“तसं नाही गं. चंद्रभागाबाईचं वाक्य तेवढं विसरू नकोस.”

नाही म्हणायचं ओठावर आलं होतं. पण चंद्रभागाबाईनं माझं काय घोडं मारलं होतं?

तोवर कोट पुन्हा सक्तीचा झाला होता. काढून उन्हात टाकला, झटकला, घातला. कोर्टाच्या पायरीवर चंद्रभागाबाई पदराचं टोक धरून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “घरातल्या वकीलबाई न्हाई आल्या?”

“मी हाय की.”

“तुमी बी चांगल्याच हायसा ओ. पन त्येनी मला पोटभर रडू दिलं हुतं.”

घ्या! इथंही तीच पुढे.

मी उभी राहिले. कायदा माझ्या पद्धतीनं मांडला, सरकारी वकिलाला दोनदा अडवलं. पण कोर्ट गप्प झालं ते त्या एका वाक्यालाच. निकाल लगेच सांगितला. सिद्धरामचा मृत्यू कोरोनाचाच मानावा, मदत द्यावी.

“उत्तम मुद्दा मांडलात, मॅडम.”

पंधरा वर्षांत मला पहिल्यांदा साहेबांची शाबासकी मिळाली, आणि तीही तिची! माझ्या तोंडून रागानंच निघून गेलं, “मुद्दा माझा नाही साहेब. बीदरच्या ॲडव्होकेट सुकन्या यांचा आहे. निकालात त्यांचंही नाव घालावं.”

“पण हजर तर तुम्ही आहात,” ते म्हणाले, आणि लेखनिकाला माझ्या एकटीचं नाव सांगून पुढच्या प्रकरणाकडे वळले.

बाहेर येऊन पायरीवरूनच फोन लावला. निकाल सांगितला.

“चंद्रभागाबाई रडली?” सुकन्यानं विचारलं.

“लई रडली. आत्ताच गाडीत बसवून दिलं.”

“बरं झालं.” मग ती थोडी घुटमळली. “प्रेरणा, हसू नकोस हं. एक विचारू?”

“विचार की.”

“उभं राहून बोलताना हात कुठं ठेवायचे असतात गं? मी सगळं बसूनच केलं ना.”

दोन बोटं आखूड बाहीतून बाहेर आलेले माझे हात मी बघत राहिले.

“समोर लाकडाचा कठडा असतो,” मी म्हणाले. “त्यावर ठेवायचे.”

“अस्सं होय.”

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. “थांब हं, गॅस बंद करून येते.”

“ये,” मी म्हणाले. आणि ऊन लागत होतं तरी कोट न काढता, फोन कानाला धरून तिथंच उभी राहिले.