पखवाजाची कणीक

माघातलं ऊन कृष्णाकाठावर उतरलं होतं. शिजवलेली हळद अंगणाअंगणांत वाळत पडली होती. पिवळं अंगण, पिवळी वाट, पिवळी धूळ. आणि त्या पीतवर्णी दुपारी दत्ताच्या देवळामागून येणारा पखवाजाचा मंद्र, मेघगंभीर नाद. धा धा दिं ता. किट धा दिं ता.

तो नाद मंदाकिनीच्या काळजात सलत होता. वाजवत होती तिचीच लेक, नऊ वर्षांची शर्वाणी. आणि तरीही सलत होता.

शर्वाणी बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर थरथरायचं, डोळे पाणावायचे, आणि मग आई धावायची. दुकानात, शाळेत, पाहुण्यांत लेकीचं अर्धं वाक्य आई पुरं करायची. ओठ लेकीचे, शब्द आईचा. किती शिणवणारं होतं ते, आणि किती गोड! या जगात एक जीव असा होता, ज्याचं तिच्यावाचून पान हलत नव्हतं.

मग गोदाक्का आली. साठीची, रुंद तळव्यांची, कीर्तनात पखवाजाची साथ करणारी. तिनं देवळामागच्या आपल्या ओसरीवर पोरीला शिकवायला घेतलं. आधी तोंडानं म्हण, मग हातानं म्हण. तिटकत गदिगन! 'पाणी' म्हणताना ठेचकाळणारी जीभ बोलांवरून खळाळत वाहू लागली. चंचल बोटं स्थिरावली, वाकलेली पाठ ताठ झाली. परवा तर शर्वाणीनं दुकानदाराला स्वतःच सांगितलं, "अर्धा किलो रवा द्या." मंदाकिनी शेजारीच उभी होती, वाक्य पुरं करायला तोंड उघडून.

घरी येऊन ती रडली. आनंदानं, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. खरं तर तिच्या पोटात मत्सर पेटला होता, निळा, निर्धूर. रात्रंदिवस उशाशी बसले मी, आणि पोर बोलली ती हिच्या ओसरीवर!

पौर्णिमेला शर्वाणी देवळातल्या भजनाला पहिल्यांदा साथ करणार होती. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. तिच्यावाचून तो गंभीर घुमारा उठत नाही. गोदाक्काचा रिवाज असा, की पहिली कणीक शिष्याच्या घरून, आईच्या हातची यावी. "नुसतं पाणी घालून मळा हं वैनी," ती बजावून गेली होती.

मंदाकिनीनं परातीत पीठ घेतलं. पाणी घातलं. क्षणभर थांबली, आणि पोळ्यांना घालावं तसं तेल सोडलं, मग आणखी थोडं. मळून मळून कणीक मऊ केली. सुंदर, स्निग्ध, निसरडी.

सांजेला देऊळ धुपानं आणि माणसांनी भरलं. शर्वाणीनं उतावीळपणे कणीक थापली, डोळे मिटले, हात उचलला. अभंगाचं धृपद पुरं झालं नाही तोच कणीक सरकली, सुटली, तिच्या परकरावर पडली. डावं तोंड रितं वाजलं. भजन थांबलं. शर्वाणीचे ओठ थरथरले.

ते जुनं, ओळखीचं थरथरणं! मंदाकिनी उठलीच. पाय आपसूक निघाले, शब्द आपसूक जिभेवर आले. आणि लाज वाटावी इतका तिला आनंद झाला.

पण शर्वाणीनं हात वर केला. दुसऱ्या हातानं मांडीवर हलका ठेका धरला, आणि त्या ठेक्यावर एकेक शब्द ठेवत साऱ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "थांब, आई. मी सांगते. कणीक सुटली. दुसरी मळायला हवी."

गोदाक्कानं पडलेला गोळा उचलून बोटांत चोळला. तिची नजर मंदाकिनीवर ठरली. "हाताला पोळ्यांची सवय," ती एवढंच म्हणाली. "व्हतंय असं, वैनी."

मंदाकिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्वाणीनं मात्र नैवेद्याच्या पिठाची परात उचलली, आणि गोदाक्काच्या पुढ्यातून नेऊन आईपुढे ठेवली.

"तूच मळ."

नुसतं पीठ. नुसतं पाणी. मंदाकिनीनं मळलं, आणि स्वतःच्या हातानं डाव्या तोंडावर थापलं. मत्सर विझला नव्हता. तो असा एका पौर्णिमेत विझत नाही. पण ओल्या कणकेवर तिची पाचही बोटं उमटली होती.

शर्वाणीचा तळवा उठला, आणि नेमका त्या बोटांवर पडला. धा! पिवळ्या अंगणांवरून, सावळ्या पाण्यावरून तो नाद दूर दूर गेला. मंदाकिनी ऐकत राहिली, ओठ मिटून.