पेटीतला किडा

उंद्रीत मुलींची वेगळी शाळा निघाली, तेव्हा नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. शाळेला फळा मिळाला, घंटा मिळाली, प्रार्थनेला पेटी तेवढी नव्हती. मनकर्णाबाईच्या घरी पेटी होती, पण ती वाजवणारा नवरा, मोतीराम, जाऊन जमाना झाला होता. पेटी आपली कणगीआड धूळ खात पडलेली. शाळेचे गुरुजी ती मागायला आले. "घेऊन जा गुरुजी," बाई म्हणाली, "पोरीयच्या कामी आली तर तेवढंच पुण्य." थोराड पोरी आल्या आणि पेटी उचलून घेऊन गेल्या.

मागे बाई ती जागा झाडायला बसली, तर केरसुणीला कात लागली. लांबलचक, मऊ, ताजी. बाईला पेटी आठवली. पेटीच्या मागच्या फळीला उंदरांनी चांगलं मूठभर भोक पाडलेलं होतं. त्यातून आत कोण शिरलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. केरसुणी तशीच हातात घेऊन ती शाळेकडे धावत सुटली.

त्या जिवाचं नाव तिच्या घरात कोणी घेत नसे. दिवेलागणीनंतर तसं गावातही कोणी घेत नाही, 'किडा' म्हणून भागवतात. मनकर्णाबाई मात्र भरदिवसाही घेत नसे. मोतीरामनं कडब्यात हात घालताना हसत म्हटलं होतं, "साप-गिप काई नाई वो," आणि त्याच हाताला पान लागलं, दंश झाला. सकाळपर्यंत माणूस गेला. नाव घेतलं की ते येतं, ही लोकांना म्हण असेल; तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

शाळेत पोरी पेटीभोवती कोंडाळं करून बसलेल्या. भाता अडकला होता, म्हणून गुरुजी मागची फळी उचकटायच्या बेतात होते. गुरुजी पुण्याचे, माणूस भला, पण वऱ्हाडात येऊन त्यांना अजून महिनाही झाला नव्हता.

"गुरुजी, हात नका घालू," बाईला धाप लागलेली. "पेटीत किडा हाये."

"असू द्या हो बाई. जुनं लाकूड, किडा लागायचाच. रॉकेलचा बोळा फिरवू."

"तसा किडा नाही तो. मोठा हाये."

"मग रॉकेल जास्त घालू," गुरुजी म्हणाले.

पोरींना बाईचं म्हणणं चटकन कळलं असतं, पण त्यांचाच एवढा कालवा की ऐकतंय कोण. पुढची सिंधू तर भोकाला डोळा लावायला वाकली होती. बाई पेचात पडली. नाव घ्यावं, तर आपल्याच तोंडानं त्याला पोरींच्या अंगावर बोलावल्यासारखं. न घ्यावं, तर गुरुजींची बोटं भोकात चाललेली. तिला मोतीरामचा काळानिळा हात दिसला.

"साप," ती ओरडली. "साप हाये आत. घरी पेटीच्या जागी ताजी कात सापडली."

गुरुजींनी हात असा मागे घेतला की स्वतःच पाठीवर पडले. पोरी किंचाळत अंगणात पळाल्या. मग गुरुजींनी धीर करून घंटेची दांडी आणली, लांबूनच फळी उचकटली, पेटी उलटी केली. आतून पडलं उंदराचं घरटं, चिंध्या आणि मूठभर भुसा. दुसरं काही नाही.

पोरी हसायला लागल्या. बाईही मटकन खाली बसली आणि हसली. पोरी वाचल्या होत्या, तिला दुसरं काही नको होतं.

गुरुजी मात्र हसत नव्हते. "बाई, कात घरातच सापडली ना? ताजी?"

बाईचं हसू जागच्या जागी विरलं. पेटीत नाही, म्हणजे ते घरीच होतं. आणि आज तिनं त्याला नावानं हाक मारली होती.

गुरुजी दांडी घेऊन सोबत आले. त्याचं नाव का घेत नाहीत, ते बाईनं त्यांना वाटेत सांगितलं. घाईत दार उघडंच राहिलं होतं. आत कणगीआड अंधार. "बाई, तो सा..." म्हणता म्हणता गुरुजींनी जीभ चावली.  बाईनं त्यांच्या हातातली दांडी काढून घेतली.

"तुम्ही भाईरच राहा गुरुजी. नाव मी घेतलं, मीच पाहातो."

तिनं दांडी पुढे धरली. तशीच ती उंबरा ओलांडून आत गेली.