निळ्या फुलाचं पाणी

त्या रविवारी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या कम्युनिटी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर टेबल आणि टेबलावर निळ्याशार पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासांची रांग. लोक एकेक करून वर जात, चांदीच्या तांब्यातलं पाणी तोंडात घेत, खळखळून चूळ भरत आणि ती निळ्या ग्लासात थुंकत. पाणी बघता बघता गुलाबी होई आणि हॉलभर उसासा पसरे.

“हे तुमच्या रक्तातलं विष,” नीलपुष्पस्वामी माईकवर सांगत. “बारा हजार फुटांवर फुलणारं त्रायमाणाचं फूल हे. ते खोटं बोलत नाही. तुमच्या एनएचएसच्या सरकारी दवाखान्यातली औषधं नुसती लक्षणं दाबतात, फूल सेल्युलर लेव्हलला जातं. त्याच्याही खाली, क्वांटम लेव्हलला जातं.”

तिथे जाऊन ते काय करतं, हे स्वामींनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या अलकाला शिसारी आली होती. ती इथल्याच शाळेत पंचवीस वर्षं केमिस्ट्री शिकवत होती. माणसांची थुंकी दिव्यासमोर धरून रिपोर्ट म्हणून मिरवताना तिने आजवर कुणाला पाहिलं नव्हतं. त्याहून जास्त किळस आली ती स्वामींच्या शेजारच्या खुर्चीची. तिथे शाल पांघरून डॉक्टर रघुवीर बसले होते. अर्ध्या हॉलचं ब्लड प्रेशर त्यांनी आयुष्यभर तपासलेलं, आणि आता पाणी गुलाबी झालं की ते गंभीरपणे मान डोलवत.

मग रेखाचं नाव पुकारलं गेलं. रेखा अलकाची जुनी मैत्रीण. मागच्या रविवारी तिचा ग्लास गुलाबी झाला होता, त्यानंतर आठवडाभर तिने स्वामींची पावडर खाल्ली होती. आज स्वामींनी दुसऱ्या तांब्यातलं पाणी दिलं. ती थुंकली आणि ग्लास निळाच राहिला. टाळ्या पडल्या. ती अलकाशेजारी येऊन बसली आणि पाण्याची अख्खी बाटली एका दमात संपवूनच थांबली.

“बघितलंस? एकदम क्लीन.”

“इन्सुलिन घेतेयस ना?”

“चार दिवस झाले बंद करून. स्वामी म्हणाले, दोन्ही एकत्र घेतलं तर फुलाचा गुण येत नाही.”

अलकाने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. “तहान फार लागतेय का?”

“विष बाहेर पडतंय ना, म्हणून. सारखं टॉयलेटला पळावं लागतंय.”

“मागच्या वेळचं पाणी चवीला कसं होतं?”

“आंबटसर.”

“आणि आजचं?”

रेखाने आठवून पाहिलं. “किंचित खारट. साबणासारखं म्हण ना.”

अलका उठली ती थेट स्टेजवर गेली आणि आधी डॉक्टरांपाशी वाकली. “डॉक्टर, तुम्ही इथे बसलाय म्हणून रेखाने इन्सुलिन सोडलंय.”

त्यांनी शाल सारखी केली. “मी कुणाला औषध सोडा म्हटलेलं नाही, अलका. लोकांना बरं वाटतं. प्लासिबो म्हण, मनाचं समाधान म्हण हवं तर. हार्म काय आहे त्यात?”

तिने त्यांच्याशी पुढे बोलणं टाळलं. “माझीही टेस्ट करा,” ती स्वामींना म्हणाली. स्वामींनी प्रसन्न हसून पहिला तांब्या दिला. अलकाने तो तोंडाला न लावता सरळ ग्लासात ओतला. निळं पाणी गुलाबी झालं.

“मी थेंबही तोंडात घेतलेला नाही. हे विष कुणाच्या रक्तातलं?”

“तुमच्या हातातली निगेटिव्ह एनर्जी,” स्वामी सुरू झाले. तोवर तिने दुसरा तांब्या उचलून त्याच ग्लासात ओतला. गुलाबी पाणी आधी जांभळं आणि मग पुन्हा निळं झालं.

“आणि हा ग्लास बरा झाला. चिमूटभर पावडर न खाता.”

मागे कुणीतरी हसलं. अलका लोकांकडे वळली. “एका तांब्यात लिंबाचं सत्त्व आहे, दुसऱ्यात खायचा सोडा. हे निळं पाणी आंबटाने गुलाबी होतं, सोड्याने परत निळं. माझे अकरा वर्षांचे विद्यार्थी हाच प्रयोग लाल कोबीच्या पाण्याने करतात.” तिने निळं पाणी ठेवलेल्या बरणीतून एक भिजलेलं फूल काढून हातावर पसरलं. “हे त्रायमाण नव्हेच. त्याचं फूल नरसाळ्यासारखं असतं. ही गोकर्ण. आपल्याकडे कुंपणावर चढते, इथे ब्लू टी म्हणून दुकानात मिळते. माझे वडील वैद्य होते. त्रायमाणाचं मूळ ते तापाच्या, काविळीच्या काढ्यात घालत. थुंकीत विष शोधताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.”

खाली रेखाच्या मागे बसून सगळं ऐकलेल्या, स्वतःलाही डायबेटिस असलेल्या नकुल नावाच्या तरुणाने आपलं शुगर मोजायचं मशीन काढून रेखाचं बोट टोचलं. इथल्या मापाने आकडा एकोणतीस आला, म्हणजे भारतातल्या मापाने पाचशेच्या वर. त्याची स्वतःची शुगर सकाळी फक्त सहा भरली होती.

आता मात्र डॉक्टर रघुवीर शाल टाकून खाली आले. त्यांनी रेखाची नाडी धरली, जीभ पाहिली. “अॅम्ब्युलन्स बोलवा. लगेच.” एनर्जीचा, फुलाचा उल्लेखही नाही. पूर्ण शुद्धीवरचा डॉक्टर, पण आठवडाभर उशिरा आलेला.

सगळे अॅम्ब्युलन्सची वाट बघत दाराशी असताना स्वामी मागच्या दाराने निघून गेले. पुढच्या रविवारी बेसिंगस्टोक गावातला त्यांचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला, तोही हाउसफुल्ल.

रेखा चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती. “मी एमएस्सी झालेली बाई,” ती भेटायला आलेल्या अलकाला भिंतीकडे बघत म्हणाली, “आणि सगळ्यांसमोर थुंकले गं.”

“तुला बरं व्हायचं होतं. लाज त्यांना वाटायला हवी.”

त्याच हॉलमध्ये अलकाने पुढे एक सभा घेतली. अकरा माणसं आली, रघुवीर आले नाहीत. अलका एवढंच म्हणाली, “रानातल्या मुळ्यांत औषध असतं, नाही असं नाही. पण खरं औषध तपासणीला भीत नाही. समोरच्याला विचारा, पाण्यात काय आहे, मी स्वतः ओतून बघू का? या प्रश्नाचा ज्याला राग येतो, त्याच्या हातचं काही घेऊ नका. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू औषध सोडू नका, मग सांगणाऱ्याच्या शेजारी कुणीही बसलेलं असो.”